तांब्याचा वाकस

ओनोदेरासरांच्या अंगणात एक उंच बांबू रोवलेला होता आणि त्याच्या टोकाला पांढरी चिंधी बांधलेली होती. सकाळी दात घासून झाले की सर बाहेर यायचे, मान वर करायचे आणि त्या चिंधीकडे बघत राहायचे. चिंधी डोंगराच्या बाजूला उडत असली तर समाधानाने आत जायचे. आमच्या खिडकीच्या बाजूला उडत असली तर कपाळाला आठी घालायचे आणि तरीही आतच जायचे. जपानमध्ये हवेविषयी बोलल्याशिवाय कुणाचं पान हलत नाही, हे मला येऊन आठवडाभरातच कळलं होतं. तेव्हा एका म्हाताऱ्या माणसाला वाऱ्याचा नाद असला तर त्यात मला काही वावगं दिसलं नाही.

ही नव्वदच्या दशकातली, सेंदाईची गोष्ट. माझा नवरा माधव तिथल्या विद्यापीठात धातूंवर संशोधन करायला गेला होता आणि लग्न नवीन असल्यामुळे त्याच्या मागोमाग मीही गेले. परदेशी माणसाला घर द्यायला तेव्हा कुणी पटकन तयार व्हायचं नाही. ओनोदेरासर तयार झाले. त्यांच्या घराच्या मागे, अंगणाच्या कडेला एक छोटी दुमजली इमारत होती. खाली त्यांची शेड, वर आमच्या दोन खोल्या. हायस्कुलात इतिहास शिकवून ते निवृत्त झाले होते आणि अख्खी गल्ली त्यांना ‘सेन्सेई’ म्हणायची. मीही तोंडावर सेन्सेईच म्हणायची, पण मनातल्या मनात ते ओनोदेरासर होते. माझ्या शाळेतल्या सगळ्या सरांचा मिळून एक सर केला असता तर तो असाच झाला असता.

उंच, किडकिडीत अंग, पांढरा शर्ट, गळ्यापर्यंत सगळी बटणं लावलेली. ऐन उन्हाळ्यातसुद्धा वरचं बटण उघडं दिसायचं नाही. कोपरापर्यंत काळ्या कापडाच्या बाह्या चढवलेल्या. बोलणं वर्गातलं. आधी प्रश्न विचारायचा, मग थांबायचं, समोरचा चांगला अवघडला की आपणच उत्तर द्यायचं. आणि जगातल्या यच्चयावत गोष्टी पास किंवा नापास करायच्या. यंदाची पर्सिमनची फळं पास. नवीन पंतप्रधान नापास. माझं जपानी बरेच दिवस नापास होतं, मग एकदा भाजीवाल्याशी मी मुळ्यावरून भांडले ते त्यांनी कुंपणापलीकडून ऐकलं आणि ओरडून पास केलं.

आम्ही राहायला गेलो त्याच दिवशी त्यांनी माझी तोंडी परीक्षा घेतली. सामान वर चढवून मी नुसती टेकले होते, तोच त्यांनी शेडमध्ये बोलावून घेतलं आणि हातात करवत दिली. करवत म्हणजे काय, लाकडी मुठीत बसवलेली तांब्याची लांब पट्टी, तिला वेडेवाकडे दात.

“तुमच्या गावचा सुतार करवत ढकलतो की ओढतो?”

माझ्या वडिलांचं सांगलीला औषधांचं दुकान. सुताराकडे मी जन्मात निरखून बघितलं नव्हतं. पण डोळ्यांसमोर आमच्या माडीची फळी कापणारा शंकर सुतार आणला आणि हवेत हात चालवून दाखवला. पुढे जाताना जोर, मागे येताना सैल.

“ढकलतो,” सर म्हणाले. “म्हणजे तुम्ही युरोपवाल्यांच्या बाजूचे. आम्ही ओढतो. आणि साडेचार हजार वर्षांपूर्वी इजिप्तचा सुतारही ओढायचा. का?”

मग थांबले. मी चांगली अवघडले.

“कारण तांबं मऊ. ढकललं तर दुमडतं. ओढलं तर ताठ राहतं.”

भोक कसं पाडतो, हा पुढचा प्रश्न. शंकरकडे सामता होता. दोरीचं धनुष्य मागेपुढे करायचं आणि मधली दांडी गरगर फिरवायची. मी तेही करून दाखवलं. ओनोदेरासर उठून उभेच राहिले. भिंतीवरून त्यांनी आपला सामता काढला, म्हणजे इजिप्तच्या सुताराचा, पण हुबेहूब शंकरचा. माझ्याकडे बघत ते स्वतःशी काहीतरी पुटपुटले आणि मग मोठ्याने म्हणाले, “इथे मात्र हिंदुस्थान पास!”

तर हा त्यांचा नाद. प्राचीन इजिप्तच्या सुताराची हत्यारं. तांब्याची करवत, तांब्याच्या पटाश्या, तांब्याच्या पात्याचा वाकस. हा वाकस म्हणजे आपला सुतार दोन पायांत ओंडका धरून ज्याने लाकूड तासतो तोच, फक्त पातं लोखंडाचं नाही आणि ते दांड्याला चामड्याच्या वादीने बांधलेलं. थडग्यांच्या भिंतींवरच्या चित्रांचे फोटो त्यांनी शेडमध्ये टांगले होते आणि चित्रात जे दिसेल तेवढंच वापरायचं, अशी शपथ घेतली होती. कापायचं लाकूड उभ्या खांबाला दोरीने बांधायचं, वरून खाली कापत यायचं, दोरी आडवी आली की सोडून खाली बांधायची. इजिप्तच्या सुताराकडे रंधा नव्हता, म्हणून सरांनाही रंधा वर्ज्य. लाकूड गुळगुळीत करायचं ते वाळूच्या दगडाने घासून. तासन् तास घासायचे. वर आमच्या खोलीत खर्र खर्र आवाज यायचा. सुरुवातीला मला तो ऐकताना बरं वाटायचं. घरात कुणीतरी आहे असं वाटायचं.

यात सगळ्यांत पंचाईत होती त्यांच्या बायकोची. तिला सगळे ‘ओकुसान’ म्हणत, म्हणजे आपण वहिनी म्हणतो तसं. ओकुसान पिढीजात सुताराची मुलगी. देवळांची कामं करणारं घराणं. रंधा हा जपानी सुताराचा जीव की प्राण. कांद्याच्या सालीसारखा पारदर्शक पापुद्रा काढतो तो. वडील गेल्यावर त्यांचे सगळे रंधे तिने ह्याच शेडमध्ये भिंतीवर ओळीने लावून ठेवले होते, दर महिन्याला त्यांना तेल द्यायची. आणि त्या भिंतीखाली बसून नवरा दगडाने फळी घासायचा. एकदा चहा घेऊन आली तेव्हा त्यांच्याकडे न बघता ती मला म्हणाली, “माझे वडील हे एवढं काम चहा निवायच्या आत करायचे.”

“तुझ्या वडिलांकडे पोलाद होतं,” सर म्हणाले.

“आणि तुमच्याकडे काय आहे?”

“वेळ,” सर म्हणाले आणि पुन्हा घासायला लागले. त्या उत्तरावर मी तेव्हा मनापासून हसले होते. ओकुसान हसली नाही.

ते करत होते एक पलंग. फोटोत होता तसा, पायथ्याकडे किंचित उतरता, चार पाय बैलाचे, खुरांसकट. इजिप्तच्या पलंगांचे चारही पाय एकाच दिशेला तोंड करून असतात, निघालेल्या जनावराचे असावेत तसे. तीन पाय तयार होऊन कोपऱ्यात उभे होते. बाकीचा पलंग नसताना ते तीन पाय नुसतेच उभे असलेले मला आवडायचे नाहीत. मी तसं बोलूनही दाखवलं. सर म्हणाले, चौथा झाला की चांगले दिसतील.

हे खूळ डोक्यात शिरलं कसं, तेही त्यांनीच सांगितलं. नोकरीत असताना वर्गात एका मुलीने विचारलं होतं की तांबं इतकं मऊ, तर त्याने लाकूड कापलं कसं? सरांनी पुस्तकातलं उत्तर दिलं, त्या लोकांजवळ तांबं कडक करायचं काही रहस्य होतं, ते काळाच्या ओघात लुप्त झालं. मुलगी खाली बसली. सर मात्र खाली बसले नाहीत. “मी तिला खोटं सांगितलं,” ते म्हणायचे. “लुप्त झालं असं आपण केव्हा म्हणतो? आपण शोधलं नाही तेव्हा.” निवृत्त झाल्यावर ते शोधायला बसले.

उन्हाळा लागला तशी एक नवीन गोष्ट सुरू झाली. मधूनच एखाद्या सकाळी ओकुसान आमच्या जिन्याखाली उभी राहायची. “आज गाद्या बाहेर वाळत घालू नका हं. आणि खिडक्याही जरा लावूनच घ्या. माफ करा.” एवढं बोलून वाकायची आणि निघून जायची. बाहेर बघावं तर लख्ख ऊन. सगळ्या गल्लीच्या कठड्यांवर गाद्या लटकत असायच्या, आमच्या आणि त्यांच्या सोडून. मला वाटायचं हिला पाऊस आधी कळतो. पण पाऊस यायचा नाही. त्या दिवशी दगडाची खर्र खर्रही ऐकू यायची नाही, फक्त अंगणाच्या टोकाला, शेडच्या मागे भात्याचा फुसफुस आवाज. संध्याकाळी सर तांबड्या डोळ्यांनी नळावर हातपाय धुताना दिसायचे. ओकुसान त्यांचे कपडे वेगळ्या बादलीत भिजवायची आणि काठीने ढवळायची, हाताने नाही. मी विचारलं, तर म्हणाली, “धूर लागलेला असतो ना.”

आता लसणाचं सांगते. आम्ही आलो त्याच महिन्यात ओकुसान खूप वेळा वाकून मला म्हणाली होती की तुमच्या स्वयंपाकाचा वास फार उत्साही आहे. मी काय ते समजले. तेव्हापासून फोडणी घालायची तर खिडकी बंद करून, पंखा लावून, चोरासारखी. आणि एक दिवस, पानं गळायचे दिवस होते, वारा एकदम फिरला आणि आमच्या उघड्या खिडकीतून आत आला तो चक्क लसणाचा वास. ठेचलेला, तापलेला, खमंग. मी चमकून खिडकीबाहेर डोकं काढलं. शेडच्या मागून पातळ धूर येत होता. मला इतका आनंद झाला की सांगता सोय नाही. मला शिकवतात होय, आणि स्वतः लपून लसूण परततात! बरी सापडलात, असं म्हणत मी खिडकी आणखी उघडली आणि पोटभर वास घेतला. घरच्या आठवणीने डोळ्यांत पाणी आलं.

दुसऱ्या दिवशी मी लसणीची चटणी कुटली. सुकं खोबरं, तिखट, सांगलीहून आलेले शेंगदाणे, हात सैल सोडून लसूण. वाटी भरून, वर रुमाल झाकून, नाचत खाली गेले. सर शेडच्या दारात वाकस परजत बसले होते. मी वाटी पुढे केली आणि म्हटलं, “सेन्सेई, आता लपवू नका. काल वास आला मला. लसूण.”

सरांचा हात थांबला. त्यांनी पहिल्यांदा बांबूच्या टोकाकडे बघितलं. मग माझ्याकडे. असा चेहरा मी त्यांचा त्याआधी बघितला नव्हता. प्रश्न विचारून थांबायची त्यांची सवय होती ना, तसे ते थांबले होते, पण त्यात प्रश्न नव्हता.

“तुमची खिडकी उघडी होती?”

“हो. काल ओकुसान आल्या नाहीत सांगायला.”

“ती बहिणीकडे गेली होती,” ते म्हणाले. “मी विसरलो.” मग उठले, दोन्ही हात मांड्यांना चिकटवून कमरेत पार खाली वाकले आणि बराच वेळ वर आलेच नाहीत. एवढ्याशा लसणासाठी एवढं कशाला, मला कळेना. शेवटी त्यांनी चटणीची वाटी घेतली, बोटाच्या टोकावर घेऊन चाखली, डोळ्यांतून पाणी काढलं आणि म्हणाले, “पास.” पण त्यांचं लक्ष चटणीत नव्हतं.

संध्याकाळी जेवताना मी माधवला हे सगळं रंगवून सांगितलं. मी हसत होते. तो मध्येच घास ठेवून म्हणाला, “धूर कुठून येत होता म्हणालीस?”

“शेडमागून. भट्टी आहे ना तिथे. तांबं वितळवतात.”

“तिथे जेवण नाही गं करत कुणी. आर्सेनिक तापलं की लसणासारखा वास येतो. आमच्या लॅबमध्ये पहिल्या दिवशी हेच शिकवतात, लसणाचा वास आला तर बाहेर पळा.” आर्सेनिक म्हणजे काय, ते मला कळेना. “सोमल गं, सोमल!” तो ओरडला. “ते तांब्यात सोमल घालतायत.”

सोमल म्हटल्यावर मला समजलं. आमच्या दुकानात उंदरांच्या औषधाच्या वरच्या कप्प्याला वडील हातही लावू द्यायचे नाहीत. आदल्या दिवशी खिडकीत उभी राहून मी जे छाती भरभरून घेतलं होतं ते आठवून मी मोरीत जाऊन ओकले.

माधव तसाच खाली गेला. मीही मागोमाग गेले. सरांनी काही नाकारलं नाही. उलट इतक्या दिवसांनी जाणता विद्यार्थी मिळाला म्हणून त्यांना बरंच वाटलेलं दिसलं. दोघं बोलत होते आणि मी जमेल तेवढं समजून घेत होते. नुसतं तांबंही ठोकून ठोकून कडक होतं. तशी हत्यारं त्यांनी आधी केली होती. पण कठीण लाकडावर त्यांची धार टिकेना. मग त्यांच्या वाचनात आलं की त्या जुन्या हत्यारांच्या तांब्यात थोडं आर्सेनिक सापडतं. डोंगरात एक बंद पडलेली खाण होती, तिथून ते चंदेरी चकाकीचे दगड पिशवीत घालून आणायचे. तांब्याच्या रसात ते टाकायचे आणि वाऱ्याकडे पाठ करायची. त्या तांब्याचं पातं ठोकलं की लोखंडाच्या तोंडात मारेल असं व्हायचं.

“रहस्य वगैरे काही नव्हतं,” सर म्हणाले. “थोडं विष होतं, एवढंच.”

“मग कथील घाला ना,” माधव म्हणाला. “ब्राँझ होईल. कडकही होईल आणि कुणी मरणारही नाही.”

“माझा पलंग ज्या काळातला आहे तिथे कथील पोचलेलं नाही. मी काय करू, हजार वर्षं थांबू?”

माधवला हसू आलं नाही. तो म्हणाला, “सेन्सेई, जरा नखं दाखवा.”

सरांनी टेबलावर दोन्ही हात पालथे ठेवले. दिव्याखाली मी पहिल्यांदा नीट बघितलं. प्रत्येक नखावर आडव्या पांढऱ्या रेघा होत्या, एकीखाली एक. दहाही नखांवर एकाच उंचीला. मग त्यांनी हात उलटे केले, तर तळहाताला घट्टे पडले होते, पण ते सुताराला पडतात तसे मुठीच्या जागी नव्हते, सगळीकडे दाणे दाणे होते.

“ह्या रेघा कशाच्या, माहीत आहे तुम्हाला?” माधवने विचारलं.

“माहीत आहे. एक भट्टी, एक रेघ.” सरांनी डाव्या अंगठ्याच्या नखावर बोट ठेवलं. “ही जूनच्या पावसातली, वर सरकली बघा. ही ऑगस्टमधली. कालची अजून दिसायची आहे, येईल.” ते इतिहास शिकवावा तसं शिकवत होते. दारात ओकुसान उभी होती. तिने हे पहिल्यांदाच ऐकलं नसावं, कारण ती रडत नव्हती, नुसती चौकट धरून उभी होती. मला त्या माणसाचा इतका राग आला की माझ्या तोंडून मराठीतच निघालं, “अहो, वेड लागलंय का तुम्हाला?” कुणी भाषांतर विचारलं नाही.

त्या दिवशी सरांनी आम्हाला वचन दिलं आणि ते अक्षरशः पाळलं. आमच्या अंगणात भट्टी पुन्हा पेटली नाही. लगेच त्यांनी ती पाडली, खालची मातीसुद्धा खणून काढली आणि आमच्या खिडकीखालचा भाग धुऊन घेतला. मग भट्टीचं सामान सायकलवर घालून नदीपलीकडच्या ओसाड शेतात नेलं आणि तिथे भट्टी लावली. दुसऱ्याला त्रास होता कामा नये, एवढंच त्यांना कळलं. स्वतःचं काय, हा प्रश्न परीक्षेला नव्हताच. माधव पुन्हा पुन्हा जाऊन सांगायचा, दवाखान्यात चला. सर म्हणायचे, चौथा पाय झाला की जातो. त्या पायाच्या लाकडात गाठी होत्या आणि धार सारखी जायची.

थंडीत एकदा मी खाली गेले तेव्हा ते धार बघत होते. पात्यावरून अंगठा आडवा अलगद फिरवायचा, ही त्यांची रोजची रीत. फिरवला, मान हलवली, पुन्हा घासलं, पुन्हा फिरवला. “धार येतच नाही,” ते म्हणाले. मी खाली बघितलं तर मांडीवरच्या फडक्यावर लाल डाग वाढत होता. अंगठा हाडापर्यंत चिरला होता. मी किंचाळले. त्यांनी अंगठा डोळ्यांजवळ नेला आणि दुसऱ्या कुणाचा असावा तसा उलटासुलटा करून बघितला.

“लागलेलं कळत नाही, हे कधीपासून?” मी विचारलं.

“हातांना महिना झाला असेल,” ते म्हणाले. “पायांना बऱ्याच आधीपासून.” मग जरा थांबून म्हणाले, “म्हणजे धार आली होती तर.” आणि खूश झाले. मी त्यांचा अंगठा फडक्यात आवळून धरला.

त्याच आठवड्यात ओकुसानने शेवटचा प्रयत्न केला. तिथे प्रत्येक कचऱ्याचा वार ठरलेला; तो न जळणाऱ्या कचऱ्याचा दिवस होता. खिडकीतून मला दिसलं, ती दोन्ही हातांनी जड पिशवी ओढत कोपऱ्यावरच्या कचऱ्याच्या जागी घेऊन चालली होती. आत ते चंदेरी दगड. नीट बांधलेली, वर नियमाप्रमाणे घराचं नाव लिहिलेली. ही बाई नवऱ्याचा जीव वाचवायला चोरी करत होती आणि पिशवीवर नाव घालायला विसरली नव्हती. कचऱ्याची गाडी आली, सगळं घेऊन गेली आणि ती पिशवी तेवढी ठेवून गेली. तिच्यावर लाल कागद चिकटवला होता, हा कचरा इथे चालत नाही. दुपारी सरांनी ती उचलून घरात आणली. येताना ओकुसान दारात होती. तिला ते एवढंच म्हणाले, “जड होती, कंबर दुखेल.” ओकुसान आत गेली. थोड्या वेळाने शेडमधून ठोकल्याचा आवाज आला म्हणून मी खाली जाऊन दारातून डोकावले. तिने वडिलांचा सगळ्यांत मोठा रंधा भिंतीवरून काढून नवऱ्यासमोर बाकावर ठेवला होता आणि त्याचं पातं हातोडीने ठोकून बसवत होती. “ह्याने करा,” ती म्हणत होती. “आज संपवा. मी कुणाला सांगणार नाही.” सरांनी रंध्याला वाकून नमस्कार केला, उचलला आणि परत भिंतीवर लावला.

हिवाळा सरता सरता माधवचं संशोधनाचं काम संपलं आणि त्याला तोक्योत एका कंपनीत नोकरी लागली. तोक्योजवळ ग्योतोकुला घर बघितलं. निघायच्या आदल्या दिवशी सर स्वतः जिना चढून बोलवायला आले. जिना चढताना ते पायांकडे बघत चढत होते, एकेक पाऊल डोळ्यांनी ठेवत. चौथा पाय झाला होता. पलंग उभा होता शेडमध्ये, चार खुरांवर, चामड्याच्या वाद्यांनी विणलेला. खरंच सुंदर होता. पृष्ठभागावर वाकसाचा एक घाव दिसत नव्हता. मी वाट बघत होते की ते आता म्हणतील, उद्या दवाखान्यात जातो. माधवने विचारलंच, “सेन्सेई, झाला ना? आता?”

सर पलंगाच्या कडेला उभे होते. “आता खुर्ची,” ते म्हणाले. “खुर्चीला पाठ असते. ते अवघड.”

ओकुसानने आम्हाला चहा दिला.

सकाळी बर्फ पडून थांबला होता. टॅक्सी गल्लीत आली, सामान चढलं. दोघं फाटकापर्यंत पोचवायला आले. ओकुसानने खाऊचा डबा दिला, माझे हात धरले. सरांनी गळ्याचं बटण चाचपलं आणि मला म्हणाले, “जपानी पास. पण तोक्योत उच्चार बिघडवू नका.” आम्ही बसलो, दार लागलं. दोघं फाटकातून रस्त्यावर आले आणि वाकले.

त्यांच्याकडे पाहुणा दिसेनासा होईपर्यंत वाकत राहायची पद्धत आहे. गाडी हलली तशी मी मागच्या काचेला नाक लावून हात हलवत होते. तेव्हा दिसलं. फाटकाजवळ बर्फात एक सपात रुतून पडली होती आणि सर तिच्यापुढे चार पावलं आले होते. उजवा पाय उघडा. मोजाही बरोबर निघाला होता. त्या बर्फात तो पाय लालबुंद दिसत होता आणि ते मजेत, चेहऱ्यावर हसू, कमरेत वाकत होते. त्यांना पत्ताच नव्हता.

ओकुसानच्या लक्षात आलं. तिने मान वळवून खाली बघितलं, हात पुढे केला. मग तिला आमची गाडी दिसली. तिने हात मागे घेतला आणि ती पुन्हा वाकली.

“माधव, थांबव गाडी,” मी म्हटलं. “त्यांना सांगू या.”

त्यानेही बघितलं होतं. “उतरलो तर पुन्हा पहिल्यापासून निरोप घेतील,” तो म्हणाला. “तेवढा वेळ उभे राहतील.”

बरोबर होतं त्याचं. आम्ही नजरेआड झाल्याशिवाय ते दोघं आत जाणार नव्हते. रस्ता सरळसोट होता, थेट टोकाच्या सिग्नलपर्यंत एक वळण नाही. मी पुढे वाकून चालकाच्या सीटला धरलं आणि मला येत होतं तेवढ्या जपानीत म्हटलं, “जोरात चला हो. कृपा करून लवकर चला.”

चालकाने पांढरा हातमोजा घातलेला हात वर करून दाखवला. सिग्नल लाल होता. गाडी थांबली. मागे ते दोघं अजून वाकत होते.